सोबतीला आलेली माणसे : निर्धन देशांतील चित्तविकारांच्या मानसोपचारांचा इतिहास

वेडाच्या उपचारांचा इतिहास सांगावयाचा म्हटले की त्याचा प्रारंभ पॅरिसपासून करण्याची रूढी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पिनेल व त्यांचे सहकारी प्यूसाँ यांनी रुग्णांच्या साखळ्या काढविल्या. पुढे व्हिएन्नात मनोविश्लेषणाचा उदय झाला. १९५२ मध्ये पुन्हा पॅरिसमध्येच क्लोरप्रोमॅझिन हे औषध मनोरुग्णांना प्रथम दिले गेले, असा तो क्रम असतो. आशिया आणि आफ्रिका खंडांतील निर्धन देशांचा उल्लेख आलाच तर अखेरच्या प्रकरणात, आणि तोही उशिरा पोहोचलेल्या शिष्यांचा करावा तसा येतो. प्रस्तुत लेखात आम्ही हा इतिहास निराळ्या अंगणातून पाहणार आहोत. हे अंगण अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे आहे व त्यात तंबू ठोकलेले आहेत.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. ज्या विकारात माणसाला इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात, कोणी आपल्या जिवावर उठले आहे अशी अढळ समजूत होते, विचारांची संगती तुटते, त्या तीव्र विकारांना आम्ही येथे चित्तविकार म्हणत आहोत. छिन्नमनस्कता, म्हणजे ज्यास आता सर्वत्र स्किझोफ्रेनिया या नावाने ओळखले जाते, हा त्यांतील सर्वांत परिचित प्रकार होय. दुसरा शब्द मानसोपचार. आरामखुर्चीवर पहुडलेला रुग्ण आणि मागे बसून ऐकणारा वैद्य हे चित्र वाचकांनी दूर ठेवावे. शब्द, सहवास, शिकवण, दिनक्रम आणि काम यांच्या द्वारे हेतुपूर्वक केलेला कोणताही उपचार येथे अभिप्रेत आहे. त्याचा औषधांशी विरोध नाही. किंबहुना ज्या प्रयोगांची हकीकत पुढे येणार आहे, त्यांपैकी बहुतेकांत औषध व सोबत ही दोन्ही बरोबरच होती.

१९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातील आकडे आजही वाचण्यासारखे आहेत. इंग्लंडमध्ये सुमारे ३०० लोकसंख्येमागे मनोरुग्णांसाठी एक खाट होती. हिंदुस्थानात ती सुमारे ४०,००० लोकांमागे एक होती. अखंड हिंदुस्थानातील सर्व मनोरुग्णालयांच्या खाटा मिळून दहा हजारांच्या आसपास होत्या. रांची येथील युरोपियन मनोरुग्णालयाचे अधीक्षक मूर टेलर यांनी या समितीसाठी देशभरच्या रुग्णालयांची पाहणी केली. बहुतेक इमारती कालबाह्य असून त्यांची रचना बरे करण्यासाठी नव्हे तर कोंडून ठेवण्यासाठी झालेली आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. १९१२ च्या कायद्याचे नावच मुळी ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’ असे होते आणि त्याची भाषा दवाखान्यापेक्षा तुरुंगाला अधिक जवळची होती. हा कायदा १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रद्द होईपर्यंत, आणि तो नवा कायदा १९९३ मध्ये अमलात येईपर्यंत, या देशात चालू राहिला.

याच व्यवस्थेवर फाळणी येऊन आदळली. पंजाबचे मोठे मनोरुग्णालय लाहोरला होते व ते पाकिस्तानात गेले. १९५० मध्ये दोन्ही देशांनी मनोरुग्णांची अदलाबदल केली. हिंदू व शीख रुग्ण सरहद्दीच्या अलीकडे आणले गेले, मुस्लिम रुग्ण पलीकडे गेले. सआदत हसन मंटो यांची ‘टोबा टेकसिंग’ ही कथा याच घटनेवर उभी आहे हे अनेक वाचकांस ठाऊक असेल. मात्र त्यानंतर त्या रुग्णांचे काय झाले, अमृतसरच्या रुग्णालयात त्यांच्यासाठी कोणी काय केले, याकडे साहित्याचे लक्ष गेले नाही.

अमृतसरच्या या रुग्णालयाचे अधीक्षक म्हणून डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात काम केले. रुग्ण अनेक आणि परिचारक मोजके, अशी तेथील स्थिती होती. अशा स्थितीत बहुतेक रुग्णालये दरवाजे अधिक घट्ट लावून घेतात. विद्यासागरांनी उलट केले. त्यांनी रुग्णाबरोबर आलेल्या नातेवाइकांना परत न पाठविता ठेवून घेतले. आवारात तंबू उभारले गेले आणि त्यांत रुग्ण व त्याची माणसे एकत्र राहू लागली. रुग्णाला खाऊ घालणे, न्हाऊ घालणे, रात्री जागणे ही कामे त्याच्या घरच्यांनीच करावयाची. डॉक्टर रोज या मंडळींना एकत्र बसवून बोलत. हा आजार कशामुळे होतो, तो बरा होऊ शकतो किंवा निदान आटोक्यात राहू शकतो, रुग्ण अंगावर धावून आला तर काय करावे, तो गप्प बसला तर काय करावे, घरी गेल्यावर औषध का थांबवू नये, हे तेथे सांगितले जाई. जे नातेवाईक आधी आले होते ते नंतर आलेल्यांना धीर देत. शेजारच्या तंबूतील मुलगा महिन्यापूर्वी आपल्या मुलासारखाच होता आणि आता तो चूल पेटवू लागला आहे, हे एखाद्या आईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तर डॉक्टरांच्या शंभर वाक्यांहून त्याचे बळ अधिक, हे उघड आहे.

या व्यवस्थेचे फळ तीन प्रकारचे होते. वेड म्हणजे कायमचे गेलेले माणूस, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत नातेवाइकांच्या मनातून हलली. रुग्ण लवकर सुधारले आणि मुख्य म्हणजे घरी नेले गेले. बंद कोठडीतील रुग्णाच्या बाबतीत ही दुसरी गोष्ट पहिलीहून कितीतरी अवघड असते. आणि घरात परस्परांशी कसे वागावे याविषयी कुटुंबे काही शिकून गेली. आम्हांस यातील सर्वांत महत्त्वाची बाब ही वाटते की, येथे कोणताही सिद्धान्त आधी तयार नव्हता. मनुष्यबळ अपुरे होते म्हणून नातेवाइकांना बोलावले, आणि बोलावल्यावर असे दिसून आले की ही सोय स्वतःच एक उपचार आहे.

दक्षिणेत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने डॉ. फ्लॉरेन्स निकोल्स यांच्या पुढाकाराने १९५७ मध्ये आपले मानसिक आरोग्य केंद्र सुरू केले. तेथेही रुग्णासोबत घरचे माणूस राहिलेच पाहिजे, असा दंडक पहिल्यापासून होता. योगायोग असा की याच सुमारास, १९५४ मध्ये, नायजेरियात अबेओकुटा शहरालगतच्या आरो येथे डॉ. थॉमस ॲडिओये लँबो यांनीही असाच मार्ग धरला होता. रुग्णालयाच्या भोवतालच्या खेड्यांतील घरांत रुग्णाने एका नातेवाइकासह भाड्याने राहावे, दिवसा उपचारासाठी यावे आणि उरलेला वेळ गावच्या शेतीत, बाजारात व सणांत मिसळावे, अशी ती योजना होती. लँबो यांनी पारंपरिक वैदूंनाही सहकारी म्हणून जवळ केले. अमृतसर आणि आरो यांचा एकमेकांशी काही संबंध होता असे म्हणण्यास आधार नाही. सारख्या टंचाईने सारखे उत्तर सुचविले, एवढेच.

यानंतर या गोष्टीला जागतिक प्रसिद्धी मिळाली, आणि आमच्या मते तेथेच काही घोटाळा झाला. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकात छिन्नमनस्कतेचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास हाती घेतला. आग्रा, इबादान, काली, तैपेई, लंडन, मॉस्को, वॉशिंग्टन, प्राग आणि आरहूस अशी नऊ केंद्रे आणि १,२०२ रुग्ण त्यात होते. काही वर्षांनी त्याच रुग्णांची पुन्हा भेट घेतली असता अनपेक्षित चित्र दिसले. आग्रा आणि इबादान येथील रुग्णांची स्थिती श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षा चांगली होती. पुढे दहा देशांत झालेल्या दुसऱ्या अभ्यासात चंदीगड व त्याच्या आसपासची खेडी होती; त्याचा १९९२ चा अहवालही याच दिशेने बोलला. चंदीगडच्या पाहणीत आणखी एक धागा सापडला. घरातील माणसे रुग्णावर किती टीका करतात, किती चिडतात, त्याच्यात किती अडकून पडतात, हे मोजण्याची एक रीत लंडनमध्ये तयार झाली होती. जेथे टीका अधिक, तेथे आजार उलटण्याचे प्रमाण अधिक, असा तिचा निष्कर्ष होता. लंडनच्या तुलनेत चंदीगडच्या घरांत अशी टीका बरीच कमी आढळली आणि खेड्यांत तर त्याहूनही कमी.

या निष्कर्षांनी आपल्याकडील अनेकांना आनंद झाला. एकत्र कुटुंब, शेतीची संथ लय, आप्तांचे प्रेम यांनी वेड बरे होते. पाश्चात्त्यांकडे संपत्ती आहे, आपल्याकडे माणसे आहेत, असे बोलले व लिहिले जाऊ लागले. तथापि २००८ मध्ये ॲलेक्स कोहेन, विक्रम पटेल, आर. थारा आणि ओये गुरेजे या चौघांनी ११ निर्धन व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील २३ दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले आणि हे प्रमेय तसे सरळ नाही असे दाखविले. देशादेशांत, किंबहुना एकाच देशातील निरनिराळ्या ठिकाणी, परिणामांत मोठा फरक होता. उपचाराविना राहिलेल्यांची, घर सोडून भटकणाऱ्यांची, अकाली मरण पावलेल्यांची आणि मोडलेल्या विवाहांची गणना केली तर सुखद चित्र फिके पडते. या चौघांतील तिघांचे कार्यक्षेत्र भारत व नायजेरिया हेच होते हे येथे लक्षात घ्यावे. त्यांना आपल्या समाजाची निंदा करण्याची हौस नव्हती.

खरा प्रश्न असा की, ‘कुटुंब’ या शब्दामागे प्रत्यक्षात कोण उभे असते? तंबूत रात्री जागणारे ते कोण?

याचे एक उत्तर महाराष्ट्रातच नोंदले गेले आहे. व्हिएडा स्कुल्टन्स या मानववंशशास्त्राच्या अभ्यासिकेने १९८० च्या दशकात महानुभाव पंथाच्या एका मंदिरात राहणाऱ्या पीडितांचा व त्यांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. चक्रधरस्वामींच्या या पंथाच्या काही स्थानांवर बाधा झालेली माणसे घेऊन कुटुंबे आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने राहतात हे मराठी वाचकांस नवीन नाही. स्कुल्टन्स यांना दिसले ते असे. आजारी पुरुषाबरोबर त्याची आई, बायको वा बहीण येऊन राहत असे. आरतीच्या वेळी अंगात येई ते अनेकदा या सोबतिणींच्याच. घरावर आलेली पीडा आपल्या अंगावर यावी आणि मुलगा किंवा नवरा मोकळा व्हावा, अशी त्यांची धारणा होती. उलट बाई आजारी असेल तर तिच्यासोबत इतके दिवस राहणारे माणूस सहसा नसे; ती एकटी राही. येथे स्त्री ही रुग्णाची शुश्रूषा करीत नव्हती, ती त्याचा आजार उचलून घेत होती. कुटुंबाच्या उबेविषयी लिहिणाऱ्यांनी ही नोंद एकवार वाचावी, असे आम्हांस वाटते.

चेन्नईतील पाहण्यांनी याच गोष्टीची दुसरी बाजू उघड केली. डॉ. सारदा मेनन यांनी १९८४ मध्ये तेथे स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशन ही संस्था काढली. ती ‘स्कार्फ’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. मेनन यांनी त्यापूर्वी १९६१ ते १९७८ या काळात मद्रासच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षकपद सांभाळले होते. याच संस्थेतील डॉ. थारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी, आजारामुळे नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. बहुतेकींना कायदेशीर घटस्फोट मिळालेला नव्हता, पोटगी नव्हती. नवऱ्याने केवळ माहेरी पोहोचवून दिले होते. आता त्या वृद्ध आईबापांजवळ होत्या. मुलीच्या आजाराहून तिच्या मोडलेल्या संसाराची लाज या आईबापांना अधिक सलत होती आणि आपल्यामागे हिचे काय, हा घोर त्यांना सुटत नव्हता.

कुटुंबावर पडणारा भार मोजता येतो हे बंगळूरने दाखविले. तेथील निम्हान्स या संस्थेत शैला पै व आर. एल. कपूर यांनी १९८१ मध्ये त्यासाठी एक मुलाखत-पद्धती तयार केली. पैसा, घरचा रोजचा व्यवहार, विरंगुळा, घरातील परस्परसंबंध, शारीरिक प्रकृती आणि मनःस्वास्थ्य अशी तिची सहा अंगे आहेत. हे साधन पुढे भारताबाहेरही वापरले गेले. त्या दोघांनी एक प्रयोगही केला. छिन्नमनस्कतेच्या काही रुग्णांना रुग्णालयात दाखल केले. तशाच दुसऱ्या काही रुग्णांना घरीच ठेवले आणि त्यांच्याकडे एक परिचारिका नियमाने जाऊ लागली. ती औषधे पाहत असे, घरच्यांशी बोलत असे, अडचणी सोडवीत असे. सहा महिन्यांनी घरी राहिलेल्यांची स्थिती अधिक चांगली होती, घरच्यांवरील भार पुष्कळ हलका झाला होता आणि खर्चही कमी आला होता. एका परिचारिकेच्या येण्याजाण्याने एवढे घडले. १९८२ मध्ये भारताचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला, बेळ्ळारी जिल्ह्यात त्याचा नमुना उभा राहिला, १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. पण तालुक्यापर्यंत पोहोचल्या त्या मुख्यतः गोळ्या. घरी जाणारी परिचारिका वाटेतच राहिली.

त्या काळात बोलण्याच्या उपचाराविषयी विचार होत नव्हता असे नाही. डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्ये गुरू-शिष्य नात्याचा नमुना मानसोपचारासाठी घ्यावा, असे सुचविले होते. आपल्याकडील रुग्ण वैद्याकडे बरोबरीच्या नात्याने येत नाही, तो वडीलधाऱ्याकडे यावे तसा येतो, ही त्यांची निरीक्षणे मार्मिक आहेत. (गुरूपुढे प्रश्न विचारण्याची मुभा शिष्याला कितपत असते, हा मुद्दा त्यांच्या टीकाकारांनी अधिक लावून धरावयास हवा होता, असे आमचे मत आहे.) पण नेकींची चर्चा रुग्ण आणि वैद्य या दोघांपुरती होती. चित्तविकाराच्या रुग्णाशी त्याच्या भ्रमांविषयी थेट व पद्धतशीर बोलण्याचा मोठा प्रयोग निर्धन देशांत बराच उशिरा झाला. फारूक नईम व त्यांच्या सहकाऱ्यांनी कराचीत बोधात्मक वर्तनोपचाराची स्थानिक घडण केली आणि ११६ रुग्णांवर तिची परीक्षा घेऊन २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा बैठका रुग्णाशी व एक घरच्यांशी, एवढाच तो उपचार. आजाराचे कारण जिन्न वा करणी आहे असे मानणाऱ्याला खोटे न पाडता, शरीर, मन, समाज आणि श्रद्धा ही चारही कारणे शेजारी शेजारी मांडून बोलावयाचे, ही त्याची रीत होती. ज्यांना ह्या बैठका मिळाल्या त्यांचे भास व भ्रम अधिक कमी झाले.

आता साखळीकडे वळू. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तामिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे एका खासगी मनोरुग्ण-निवासाला आग लागली. तेथील दर्ग्याच्या आश्रयाने अशी अनेक निवासस्थाने चालत. आतील माणसे साखळ्यांनी बांधलेली होती. त्यांना पळता आले नाही. २८ जण मृत्युमुखी पडले. सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली, निवासस्थाने बंद झाली. ज्यांनी ती माणसे तेथे आणून सोडली त्या घरच्यांवर तेव्हा बराच शब्दप्रहार झाला. आम्ही त्या घरच्यांना निर्दोष ठरवू इच्छीत नाही. पण अमृतसरला आपले माणूस आणणारी आणि एरवाडीला आणणारी कुटुंबे दोन निराळ्या जातींची होती काय? पहिल्यांना कोणीतरी थांबवून घेतले आणि रोज त्यांच्याशी बोलले. दुसऱ्यांना कोणी काहीच सांगितले नाही.

साखळी केवळ औषधाने सुटत नाही याचा पुरावा अलीकडे घाना देशातून आला आहे. तेथील एका प्रार्थना-शिबिरात, जेथे मनोरुग्णांना बांधून ठेवण्यात येई, संशोधकांनी काही रुग्णांना प्रार्थनेबरोबर औषधेही दिली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात औषध घेणाऱ्यांची लक्षणे स्पष्टपणे कमी झाली; साखळीत काढलेले दिवस मात्र कमी झाले नाहीत. रुग्ण सुधारला तरी त्याला बांधणाऱ्याच्या मनातील भय तसेच होते. या भयावर गोळी नाही. त्याच्याशी बोलावेच लागते.

घरी जाणारी जी व्यक्ती वाटेत राहिली होती, तिला पुन्हा शोधण्याचे काम सरकारी यंत्रणेपेक्षा लहान संस्थांनी अधिक केले. मध्य प्रदेशातील बडवानी येथे, महाराष्ट्राच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या आदिवासी मुलखात, कुष्ठरुग्णांसाठी निघालेल्या आशाग्राम ट्रस्टने मनोरुग्णांचे काम अंगावर घेतले. स्थानिक तरुणांना शिकवून त्यांना घरोघर पाठविले गेले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, गावात सेवा मिळालेल्या १२७ रुग्णांची प्रगती केवळ बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या ८० जणांपेक्षा सरस होती. बहिष्काराशी झुंजण्याची सवय असलेल्या संस्थेला हे काम जमले, यात आम्हांस आश्चर्य वाटत नाही.

या अनुभवातूनच पुढे भारतातील सर्वांत मोठी परीक्षा झाली. सुदिप्तो चटर्जी व सहकाऱ्यांनी तामिळनाडूत स्कार्फ, गोव्यात संगाथ आणि साताऱ्यात परिवर्तन या संस्थांबरोबर २८२ रुग्ण निवडले. सर्वांना डॉक्टरांची नेहमीची सेवा होतीच. चिठ्ठ्या टाकाव्यात त्या न्यायाने १८७ जणांना त्याशिवाय घरी येणारा कार्यकर्ता मिळाला. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. दहावीपर्यंत शिकलेली गावची माणसे होती. त्यांना शिकवून, त्यांच्यावर देखरेख ठेवून त्यांच्याकडे काम सोपविले होते. आजार म्हणजे काय हे रुग्णाला व घरच्यांना समजावून देणे, औषध का बंद पडले ते शोधणे, आंघोळ, स्वयंपाक, बाजारहाट अशी कामे एकेक करून पुन्हा सुरू करविणे, जमल्यास रोजगाराची वाट काढणे, शेजारपाजारच्या टोमण्यांना काय उत्तर द्यावे याचा विचार करणे, सरकारी सवलतींचे कागद पुरे करणे, असे ते काम होते. कृष्णाकाठच्या एखाद्या घरात ओसरीवर बसून होणाऱ्या या संभाषणाला मानसोपचार म्हणावे की नाही, असा पेच ज्यांना पडतो त्यांनी त्याची फळे पाहावीत.

२०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर घरी भेटी मिळालेल्यांची लक्षणे आणि दैनंदिन असमर्थता दुसऱ्या गटापेक्षा कमी होती. फरक माफक होता, आणि तो तामिळनाडूच्या ग्रामीण भागात सर्वांत ठळक होता. परंतु रुग्णाला सोसावा लागणारा भेदभाव आणि घरच्यांवरील भार या दोन बाबतींत मोजण्याजोगा फरक पडला नाही. संशोधकांनी हे दडविले नाही, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे. इथिओपियात अशाच पद्धतीच्या ग्रामीण पुनर्वसनाचे २०२२ मध्ये आलेले निष्कर्षही रुग्णाची असमर्थता कमी झाल्याचे सांगतात.

रुग्ण सुधारतो आणि तरीही लोक त्याला सोडत नाहीत, ही गोष्ट फार जुनी आहे. विनयपिटकात गग्ग नावाच्या भिक्खूची हकीकत दोन ठिकाणी येते. महावग्गात तो वेडा झालेला आहे. उपोसथाची त्याला कधी आठवण राहते, कधी राहत नाही. कधी तो येतो, कधी येत नाही. संघ त्याला ‘उम्मत्तकसम्मुति’ देतो, म्हणजे तो आला वा न आला तरी संघाचे कर्म अडत नाही आणि त्यालाही दोष लागत नाही. चुल्लवग्गात तो बरा झाला आहे. आता काही भिक्खू वेडाच्या भरात त्याने केलेल्या कृत्यांवरून त्याच्यावर आरोप करीत राहतात. मला ते आठवत नाही, ते मूढावस्थेत घडले, असे तो सांगतो. तरी ते थांबत नाहीत. तेव्हा त्याच्यासाठी ‘अमूळ्हविनय’ हा स्वतंत्र निर्णय द्यावा लागतो. आजाराच्या काळासाठी एक व्यवस्था आणि बरे झाल्यानंतरच्या काळासाठी दुसरी, असा हा भेद आहे. आधुनिक प्रयोगांनी पहिल्या व्यवस्थेत पुष्कळ प्रगती केली. दुसरीची रचना अद्याप कच्चीच आहे, हे साताऱ्याचे व गोव्याचे आकडेही सांगतात.

घरच्यांच्या भाराकडे मराठी मुलखात काही जणांनी लक्ष दिले. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी यांच्या घरीच हा आजार होता. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी करण्यात पुढाकार घेतला. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपट त्यांच्याच प्रयत्नातून झाला. त्यातही आजारी भावाला सांभाळते ती बहीणच आहे. या मंडळींत रुग्णाला ‘शुभार्थी’ व सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ असे म्हणतात. शब्द बदलल्याने सर्व काही बदलते असे आम्ही मानीत नाही. परंतु सांभाळणाऱ्याला स्वतंत्र नाव मिळाले आणि त्याने, बहुधा तिने, आठवड्यातून एकदा आपल्यासारख्यांबरोबर बसून बोलावे अशी जागा निघाली, ही गोष्ट लहान नाही. अमृतसरच्या तंबूंतील संध्याकाळचे बोलणे येथे शहरी वेषात परत आलेले दिसते.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. त्याच्या ९५ व्या कलमाने कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली. १९ व्या कलमाने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आणि ज्यांना घर नाही किंवा घराने सोडले आहे त्यांच्यासाठी अर्धवाट-गृहे व सामूहिक निवास यांची तरतूद करण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. कायद्याचा मसुदा चांगला आहे. त्यापुढे काय घडले हे मात्र महाराष्ट्राच्या उदाहरणानेच समजते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तेथे बरे झालेले, पण न्यावयास कोणी न आलेले रुग्ण वर्षानुवर्षे असतात. त्यांच्यासाठी निवासगृहे उभारण्याऐवजी राज्याने त्यांना भिक्षेकरीगृहांत व वृद्धाश्रमांत हलविण्यास प्रारंभ केला होता. जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा थांबविण्याचा आदेश दिला. ज्यांना हलविले जात होते ती माणसे वैद्यकीयदृष्ट्या घरी जाण्यास योग्य ठरलेली होती. त्यांच्या कागदांवर पत्ते होते, नातेवाइकांची नावे होती. त्या पत्त्यांवर जाऊन दार वाजविणारे आणि दार उघडणाऱ्याशी तासभर बसून बोलणारे कोणी नेमलेले नव्हते.